तुलाच सांगितलं

७ ऑक्टोबर, बुधवार

बाई म्हणाल्या, मनात येईल ते लिहीत जा, कुणी वाचणार नाही. म्हणून मापांची वही उलटी करून मागच्या पानापासून सुरुवात करते आहे. आणि मनात पहिली येते ती हीच गोष्ट की ही बाई मला डोळ्यांसमोर नको.

बाई म्हणजे ‘परतीची वाट’ या सरकारी योजनेतल्या समुपदेशक. माझा मुलगा त्यांना ताई म्हणतो. सव्वीस वर्षांचा घोडा झाला, तरी आज स्वयंपाकघरात उभा राहून फोनवर ताईशी खळखळून हसत होता. मी आत गेले तर आवाज खाली. मी विचारलं, “काय झालं रे एवढं हसायला?” तर म्हणे, “काही नाही.” माझ्या वाट्याला ‘काही नाही’, ‘हं’ आणि ‘बघू’ एवढंच येतं. बाकी सगळं बोलणं सरकारजमा होतं.

दोन वर्षांपूर्वी तो एका गटात गेला. पुलापलीकडे राहायला आलेल्या लोकांनी आपल्या नोकऱ्या घेतल्या, आपली घरं घेतली, हेच जेवताना, हेच उठताबसता. मग एके दिवशी गटाने पुलापलीकडचं एक दुकान पेटवलं. दुकानदाराचे दोन्ही हात भाजले. माझा मुलगा तेव्हा कोपऱ्यावर पहारा देत उभा होता. कोर्टाने सांगितलं, तुरुंग नाहीतर ही योजना, आणि पुन्हा त्या लोकांच्या नादी लागलास तर सरळ तुरुंग. तेव्हापासून दर आठवड्याला ताईची भेट. त्यांनीच त्याला काचा बसवणाऱ्या कंत्राटदाराकडे कामाला लावलं. उपकार आहेत, नाही म्हणत नाही. पण उपकार केले म्हणजे माणूसच उचलून न्यायचा का?

त्यांचा नंबर फोनमध्ये नावाने ठेवायचा नाही असा योजनेचा नियम आहे. गटातल्या जुन्या लोकांनी फोन हिसकावला तर कळू नये म्हणून. त्यामुळे नुसते आकडे दिसतात, आणि ते इतक्यांदा दिसतात की मला पाठ झालेत. सख्ख्या बहिणीचा नंबर मला पाठ नाही.

त्यांच्या कोटाचं अस्तर डाव्या बाजूला उसवून लोंबतं. दुसऱ्यांची घरं शिवायला निघाल्यात.

१३ ऑक्टोबर, मंगळवार

आज घरच्यांची बैठक होती. योजनेच्या ऑफिसात, वीजबिल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर, गोल मांडलेल्या खुर्च्या. वरचे एक साहेब आले होते. त्यांना फक्त किती जण सुधारले ते हवं होतं. ताई म्हणाल्या, “साहेब, सुधारले ते मोजता येत नाही. आज कोण घरी आहे, तेवढं सांगते.” साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मला हसू आलं, मग आपण त्यांच्या बोलण्यावर हसलो याचा राग आला.

मग त्यांनी आम्हाला समजावलं. “गटातली ही माणसं द्वेषापासून सुरुवात करत नाहीत. आधी येऊन विचारपूस करतात, हातातली पिशवी उचलून देतात. मग विचारतात, तुमचं दुखतंय कुठे? आणि मग बोट दाखवतात, बघा, हे त्यांनी केलंय.” एक बसचालक, ज्यांची मुलगी या योजनेत आहे, ते मान डोलवत होते. मी मनात म्हटलं, पिशवी उचलून देणारा वाईट असेल तर जगात चांगला राहिला कोण?

नियम पुन्हा सांगितला. जुन्यांपैकी कुणी भेटलं तर त्याच दिवशी फोन. मुलाने करावा, नाहीतर घरच्यांनी करावा. “ही चुगली नाही,” म्हणाल्या.

मग चहा आला. माझ्या मुलाच्या कपात साखर घालायला मी चमचा उचलला, तर ताई सहज म्हणाल्या, “त्याने साखर सोडलीये ना.” सोडली? कधी? मी रोज सकाळी दोन चमचे घालते आणि तो मुकाट्याने पितो. मुलाने साखर सोडली हे आईला सरकारकडून कळावं! घरी येताना बसमध्ये मी त्याच्याशी बोलले नाही. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

१८ ऑक्टोबर, रविवार

धाकट्या बहिणीचा फोन. साखरेचं सगळं सांगितलं. ती हसायलाच लागली.

“अगं, नवरा जाऊन सात वर्षं झाली आणि तुला आत्ता सवत आली होय!”

“गप्प बस.”

“आणि हे तू आत्तापर्यंत किती जणांना सांगितलंस? खरं सांग.”

लाँड्रीच्या मालकिणीला सांगितलं होतं, इस्त्रीवाल्याला आणि खालच्या मजल्यावरच्या नर्सला. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे आमच्या घरात जगजाहीर आहे. बहिणीच्या लग्नाची बोलणी मीच फोडली होती. मुलगा लहानपणी काही लपवायचं असलं की मला सोडून भिंतीला सांगायचा. मोठेपणी भिंतीच्या जागी ताई आली असेल. हे बहिणीला म्हटलं, तर हसता हसता थांबली. “मनाला लावून घेऊ नकोस गं,” म्हणाली. पण लागलंच.

२२ ऑक्टोबर, गुरुवार

आज लाँड्रीतल्या माझ्या शिलाई मशीनसमोर कोण येऊन उभं राहावं? ढब्बू! मुलाचा शाळेतला मित्र. लहानपणी आमच्याकडे पडलेला असायचा, दोन ताटांचं जेवायचा. आता वाळून काटकुळा झालाय, पण नाव ढब्बूच. जॅकेटची चेन गेली होती. नवीन रनर घालून दिला.

“काकू, किती थकलात हो,” म्हणाला. असं मला किती दिवसांत कुणी म्हटलं नव्हतं. मशीनचं डोकं दुरुस्तीला न्यायचं होतं, ते त्याने उचललं आणि कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत नेऊन दिलं. वाटेत मी बोलत सुटले. ताई, साखर, फोन. तो सगळं ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, “म्हणजे वाढवलंत तुम्ही, आणि आई झाल्या त्या.”

अगदी माझ्या मनातलं. माझे डोळेच भरून आले.

त्याचं नाव त्या जाळपोळीच्या खटल्यात कुठेही आलं नव्हतं. सरळ मुलगा आहे. असे मित्र सोडून माझा मुलगा कुठे त्या गटात जाऊन पडला कोण जाणे.

२७ ऑक्टोबर, मंगळवार

ढब्बू पुन्हा आला. दुरुस्त झालेलं मशीनचं डोकं परत आणून, बसवून, तेलसुद्धा घालून दिलं. पोटच्या पोराने कधी केलं नाही.

“तो सध्या कुठे कामाला?” त्याने विचारलं.

मी सांगितलं, पुलापलीकडच्या लोकांनी सभागृह बांधलंय, त्याच्या खिडक्यांना काचा बसवतोय. शनिवारी, सात तारखेला त्यांचा पहिला मेळावा आहे, बायकामुलांसकट सगळी येणार, त्याआधी काम उरकायचंय. “त्याच्या हातचं काम बघायला मलाही बोलावलं नाही,” असंही म्हटलं. “ताईंनी मात्र जाऊन पाहिलं.”

“अधिकार तुमचा आहे, काकू,” तो म्हणाला. “तुमचा मुलगा त्यांनी तुमच्या डोळ्यांदेखत नेलाय.”

आज जेवण गोड लागलं.

१ नोव्हेंबर, रविवार

बोलला! माझ्याशी बोलला!

दुपारी मी एका गिऱ्हाइकाच्या पँटची उंची कमी करत बसले होते. तो समोर येऊन बसला. बराच वेळ रिकामं रीळ हातात फिरवत होता. मग म्हणाला, “आई, ढब्बू भेटला होता.”

मी म्हणणार होते, मलाही भेटतो. पण त्याचा चेहरा बघून गप्प राहिले.

“तो गटात आहे, आई. पहिल्यापासून. खटल्यात मी त्याचं नाव घेतलं नव्हतं.” मग खाली बघत म्हणाला, “सभागृहाच्या मागच्या खिडकीची कडी शनिवारी उघडी ठेव म्हणाला. बाकी आम्ही बघतो म्हणाला. मी कुठे काम करतो ते त्याला कसं कळलं तेच समजत नाही.”

ढब्बू? आपला ढब्बू? पण त्याच वेळी, खरं लिहायचं तर, मी विचारलं ते हे, “ताईंना सांगितलंस?”

“नाही. तुलाच सांगितलं.”

तुलाच! हा शब्द मी दिवसभर तोंडात घोळवते आहे. ताईंना नाही, मला. कडी आणि खिडकीचं काय, तो थोडाच उघडी ठेवणार आहे? मी म्हटलं, “त्याचं ऐकू नकोस म्हणजे झालं. आणि काळजी करू नकोस, माझ्या तोंडून एक अक्षर बाहेर जाणार नाही. गळ्याशपथ.”

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग “बरं” म्हणाला आणि रीळ ठेवून बाहेर गेला. डोक्यावरचं ओझं उतरलं असणार बिचाऱ्याच्या.

ढब्बूला कामाची जागा मी सांगितली हे त्याला बोलले नाही. सांगेन कधीतरी. आज नको.

३ नोव्हेंबर, मंगळवार

ताईंचा मला फोन! मला! “या आठवड्यात फार गप्प गप्प आहे हो. तुमच्याशी काही बोलला का?”

काय सांगू काय बरं वाटलं. मी शक्य तितक्या गोड आवाजात म्हटलं, “नाही हो. घरी तर अगदी छान बोलतो आमच्याशी.”

त्या म्हणाल्या, “बोलतो ना? मग चांगलं आहे. तुमच्याशी बोलला तर मला जास्त आनंद आहे.” मानभावी कुठली.

बहिणीचाही फोन आला. तिलासुद्धा सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडात तीळ भिजला. भिजून फुगला पण बाहेर आला नाही. आपण मुलासाठी काय करू शकतो ते मलाच कळलं.

संध्याकाळी तो आल्या आल्या म्हणाला, “ताईचा फोन आला होता का तुला?”

“आला होता. मी काही बोलले नाही. निर्धास्त राहा.”

त्याने ताट बाजूला सारलं. भूक नाही म्हणाला. काचेचं काम अंगमेहनतीचं, दमला असेल.

५ नोव्हेंबर, गुरुवार

ढब्बू आला. मी ठरवलं होतं, आला तर चांगली खरडपट्टी काढायची. पण तो आला तोच हसत, माझ्यासाठी गरम पाव घेऊन. समोर बसला आणि मी पाव हातात घेऊन बसले.

“काकू, एकच काम आहे. शनिवारी त्या बाईंचा फोन आला तर त्याला ताप आहे म्हणून सांगा. एक दिवस तरी त्याला आपल्या माणसांत राहू दे. तुमचं जे होतं ते त्यांनी हिरावून घेतलं. आम्ही ते तुम्हाला परत मिळवून देतो.”

मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नुसती हलली, माहीत नाही. तो गेला.

मग मी एका कोटाची शिवण उसवायला घेतली आणि टाक्यागणिक तेच वाक्य कानात येत राहिलं. हे मी आधी ऐकलंय. माझ्याच स्वयंपाकघरात. दोन वर्षांपूर्वी मुलाने टेबलावर मूठ आपटून हेच म्हटलं होतं. आमचं होतं ते त्यांनी हिरावून घेतलं, आम्ही ते परत मिळवणार. तेव्हा मी म्हटलं होतं, असलं कोण शिकवतं रे तुला, आणि तुला खरं तरी कसं वाटतं?

मशीनचं डोकं कुणी उचललं? तुमचं दुखतंय कुठे, हे कुणी विचारलं? आणि बोट कुणाकडे दाखवलं? ताईंनी त्या गोल खुर्च्यांत बसून जसं सांगितलं, तसंच सगळं झालं, आणि माझं लक्ष साखरेच्या चमच्यात अडकलं होतं. मी शहाणी बाई, पन्नाशी उलटलेली, एका उचलून दिलेल्या मशीनला भुलले.

पाव तसाच पडलाय. टाकवतही नाही आणि खाववतही नाही.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

फोन केला नाही. कारण लिहिते, कुणी वाचणार नाही म्हणून. फोन केला की ताई धावत येतील, त्याला जवळ घेतील, आणि तो पुन्हा त्यांचा होईल. ‘तुलाच’ संपेल. आणि जागा ढब्बूला मी सांगितली हेही बाहेर येईल. मग तर तो माझ्याशी ‘हं’सुद्धा म्हणणार नाही.

मी स्वतःला समजावते आहे की तो कडी लावेल. लावणारच. माझा मुलगा आहे.

आज कामावरून आला तर हातात कडीचा एक स्क्रू होता. टेबलावर ठेवून बघत बसला होता. मी विचारलं, “कडी लावलीस ना रे?” तर म्हणाला, “काम अजून बाकी आहे.” उद्या सकाळी पुन्हा जाणार आहे.

८ नोव्हेंबर, रविवार

काल लिहिणं शक्यच नव्हतं. आता सगळं क्रमाने लिहिते.

काल सकाळी तो कामाला निघाला. दारात बूट घालताना थांबला. मला वाटलं काही बोलेल. तो म्हणाला, “आई, तू खरंच कुणाला सांगितलं नाहीस?” मी म्हटलं, “गळ्याशपथ नाही.” त्याने नाडी बांधली आणि गेला. जिना उतरताना त्याची पाठ मला दिसली. खटल्याच्या दिवशी कोर्टात शिरताना अशीच वाकलेली होती.

मी लाँड्रीत गेले, मशीनवर बसले, आणि दोरा ओवताच येईना. पहिल्या मेळाव्याला बायकामुलांसकट सगळी येणार, हे मीच ढब्बूला सांगितलं होतं. ती मुलं कशी दिसतात मला माहीतही नाही. पण त्या दुकानदाराचे हात मी कोर्टात पाहिलेत. मी फोन उचलला. नंबर शोधावा लागला नाही. जळफळाटाने पाठ झालेला नंबर बोटांनी आपोआप दाबला.

मी एका दमात सगळं सांगितलं. ढब्बू, कडी, मेळावा, आणि जागा कुणी सांगितली तेही. ताईंनी एकदाही ‘आधी का नाही सांगितलं’ असं म्हटलं नाही. फक्त म्हणाल्या, “तुम्ही ऑफिसला या. मी त्याला घेऊन येते.”

पोलिसांनी मेळावा पुढे ढकलला आणि माणसं मागच्या गल्लीत लपवून ठेवली. संध्याकाळी ढब्बू आणि आणखी तिघं खिडकीपाशी सापडले. गाडीत पेट्रोलच्या बाटल्या होत्या. खिडकीची कडी उघडी होती.

उघडी होती. माझ्या मुलाने ती उघडी ठेवली होती. शुक्रवारी लावली, पुन्हा काढली, शनिवारी लावली, पुन्हा काढली, असं त्याने स्वतःच पोलिसांना सांगितलं. त्याबद्दल त्याला पुन्हा कोर्टापुढे उभं राहावं लागणार. तुरुंग होईल का, ताईंनाही सांगता येत नाही. त्या म्हणाल्या, मी जाऊन बोलेन, पण खोटी आशा दाखवणार नाही.

हे सगळं बोलणं काल रात्री वीजबिल कार्यालयाच्या वर, त्याच खोलीत झालं. आम्ही तिघं होतो. ताईंनी कोट खुर्चीवर टाकला होता, अस्तर अजून लोंबत होतं. मुलगा माझ्याकडे न बघता बसला होता. मी म्हटलं, “तुझा कामाचा पत्ता ढब्बूला मीच दिला रे. मशीन उचलून दिलं म्हणून सगळं सांगत सुटले.”

मला वाटलं, आता संपलं. मग मी चिडून, रडून विचारलं, “पण कडी का उघडी ठेवलीस? आणि ठेवायचीच होती तर मला कशाला सांगितलंस?”

तेव्हा त्याने मान वर केली.

“ढब्बूला स्वतः पकडून द्यायला माझी जीभ उचलत नव्हती, आई. शाळेपासूनचा आहे तो. ताईला सांगायला गेलो की दुसरंच काहीतरी बोलून यायचो. म्हणून तुला सांगितलं. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही ना. म्हटलं, संध्याकाळपर्यंत ताईला कळेल, मावशीला कळेल, अख्ख्या लाँड्रीला कळेल. आठवडाभर वाट बघितली. रोज घरी यायचो तर तू म्हणायचीस, कुणाला नाही सांगितलं. मग वाटलं, तुलासुद्धा चालतंय. तर मग चालतंय.”

ताई उठल्या आणि पाणी आणायचं निमित्त करून बाहेर गेल्या. त्यांना जाण्याची गरज नव्हती. पण गेल्या.

त्याच्यावर ओरडावं, त्याला कवटाळावं, काहीच सुचेना. मी खुर्चीवरचा ताईंचा कोट ओढला, पर्समधली सुई काढली आणि अस्तर शिवायला लागले. टाके वेडेवाकडे पडत होते. तो बघत बसला. ताई आल्या तेव्हाही तो माझ्याकडेच बघत होता, त्यांच्याकडे नाही. महिन्यापूर्वी मी यासाठी काय वाटेल ते दिलं असतं.

आज ताईंचा हेवा वाटत नाही. पण हेवा गेलेला नाही. तोंडाची फाटकी, गावभर बोलत सुटणारी, जिच्यावर माझ्या मुलाने एका रविवारी सगळा भार टाकला, त्या माझ्यातल्याच बाईचा वाटतो. तिच्याकडे तो आई म्हणून आला होता, आणि मी तिला शपथ घालून गप्प बसवली.

तो आत झोपलाय. उद्या कोर्ट. सकाळचा चहा बिनसाखरेचा करायचाय, विसरायचं नाही.

आता बहिणीला फोन करते. सगळं सांगणार आहे, पहिल्यापासून.